पवनाकाठचे जोडनगर

बोरघाट चढून देशावर आलेला प्रवासी लोणावळ्याचा पाऊस आणि कार्ल्याचे डोंगर मागे टाकून पूर्वेकडे निघाला म्हणजे मावळाची चिंचोळी खोरी हळूहळू रुंदावत जातात, दोन्ही हातांचे डोंगर मागे सरतात, आणि शेलारवाडीच्या घोरावडेश्वराला वळसा घालून देहूरोडच्या पुढे येताच त्याच्यासमोर किंचित उताराचे, खडकाळ, एके काळी बाजरी-ज्वारीच्या जिराईत पिकांपलीकडे फारसे काही न देणारे माळरान पसरते. या माळाच्या उत्तर अंगाने इंद्रायणी वाहते, दक्षिण अंगाने मुळा, आणि दोहोंच्या मधून, पुष्कळ वळणे घेत, पवना दापोडीच्या बाजूस जाऊन मुळेला मिळते. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पन्नास-साठ किलोमीटरांवरच्या पुण्याच्या वाट्याला जेमतेम सातशे मिलिमीटर येतो. पाऊस घाटमाथ्यावर पडावा, त्याचे पाणी तीन नद्यांनी या माळाच्या कडेकडेने वाहून न्यावे, आणि माळ मात्र कोरडाच राहावा, अशी ही रचना आहे. आजचे पिंपरी-चिंचवड हे शहर याच माळावर वसले आहे, आणि त्याच्या उत्कर्षाची व त्याच्या भांडणांचीही बरीचशी कारणे या रचनेत सापडतात.

या शहराला इतिहास नाही, असे पुण्यातील सुशिक्षित माणसेही सहज बोलून जातात. कारखाने आले, मागून माणसे आली, आणि वस्ती वाढली, एवढ्यात ते हा विषय आटोपतात. प्रस्तुत लेखकाला हे मत मान्य नाही. येथे इतिहास आहे, आणि तो प्रामुख्याने जमिनीचा इतिहास आहे: ही जमीन कोणी, कोणत्या कागदाने, कोणाला दिली आणि कोणाकडून घेतली, याचा. तो कागद कधी बादशहाच्या दरबारातून आला, कधी पेशव्यांच्या फडातून, कधी दिल्लीच्या सचिवालयातून, तर कधी मुंबईच्या राजपत्रातून. पण जवळजवळ प्रत्येक वेळी तो दुसरीकडेच लिहिला गेला आणि येथे येऊन फक्त लागू झाला.

प्राचीन काळी हा प्रदेश मुक्कामाचा नव्हता, वाटेवरचा होता. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल बोरघाटाने वर चढून देशावरच्या पेठांकडे जात असे, आणि या मार्गाच्या कडेला भाजे, कार्ले, बेडसे येथे बौद्ध भिक्षूंची लेणी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासून पुढे खोदली गेली. त्या मालिकेतील शेवटची, आकाराने लहान लेणी घोरावडेश्वराच्या डोंगरात आहेत. याच डोंगरावर तुकाराम महाराज एकांतासाठी येत असल्याचे परंपरा सांगते. लेण्यांची मालिका जेथे संपते तेथूनच आपले माळरान सुरू होते, आणि व्यापाऱ्यांचे तांडे ते मुक्काम न करता ओलांडून जात असले पाहिजेत, असा तर्क करावयास हरकत नाही.

माळाला पहिले ठिकाण लाभले ते चिंचवडला, आणि ते एका गोसाव्यामुळे. मोरया गोसावी मोरगावच्या मयूरेश्वराचे निस्सीम उपासक. त्यांचे घराणे मूळचे कर्नाटकाकडील असे सांगतात. थेऊरला तपश्चर्या करून ते पुढे पवनेच्या काठी येऊन राहिले, आणि तेथेच त्यांनी संजीवन समाधी घेतली. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंपरेने समाधीचे वर्ष १५६१ मानले जाते, तर काही पंडित त्यांना बरेच अलीकडे आणतात. पण इतिहासाच्या दृष्टीने मोरया गोसाव्यांइतकेच, किंबहुना त्यांच्याहूनही अधिक महत्त्व त्यांच्या मागून निर्माण झालेल्या संस्थानाला आहे. त्यांचे पुत्र चिंतामणी यांच्यापासून हे घराणे ‘देव’ या उपनामाने ओळखले जाऊ लागले, आणि गणपतीचा अंश या कुळात सात पिढ्या अवतरणार अशी श्रद्धा दृढ झाली. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावास जाऊ लागली, आणि तिच्या मागोमाग दाने, नैवेद्य, नवस आणि अखेर इनामे आली.

इनामांचा हा भाग विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. औरंगजेबाने या देव घराण्यातील नारायण महाराजांची परीक्षा पाहण्यासाठी गोमांसाचे ताट पाठविले, त्याची जाईची फुले झाली, आणि चकित झालेल्या बादशहाने गावे इनाम करून दिली, अशी आख्यायिका इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरातही नोंदलेली आहे. ज्याला आख्यायिकेवर विश्वास ठेवावयाचा नसेल त्याने ठेवू नये, परंतु इनामे खरी होती, आणि मोगलांनी, मराठ्यांनी व पुढे इंग्रजांनी, म्हणजे एकमेकांच्या उरावर बसलेल्या राजवटींनी, ती आपापल्या परीने चालू ठेविली, ही गोष्ट फुलांच्या चमत्काराहून कमी नवलाची नाही. नवी राजवट आली की देवस्थानचे कारभारी जुन्या सनदा घेऊन तिच्या दारी जात. नव्या सत्तेलाही प्रतिष्ठित देवस्थानास अभय देऊन आपली वैधता सिद्ध करावयाची असे. या व्यवहारात भक्ती होती आणि हिशेबही होता. पेशवे घराणे गणेशभक्त असल्यामुळे अठराव्या शतकात संस्थानाचा दबदबा फारच वाढला, आणि चिंचवड हे नुसते क्षेत्र न राहता धान्याची कोठारे, कारकून, शागीर्दपेशा आणि सदावर्त यांनी गजबजलेले एक लहानसे जहागिरीचे ठाणे बनले.

त्याची कीर्ती परदेशीयांच्याही कानी गेली. एडवर्ड मूर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने चिंचवडास जाऊन तेथील ‘वंशपरंपरागत जिवंत देवा’विषयी लिहिलेला निबंध ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात १८०१ साली छापून आला, १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही लेखिका येथे येऊन गेली, आणि तिने आपल्या प्रवासवृत्तात त्या भेटीचे वर्णन केले. विसाव्या शतकाच्या अखेरीस लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने चिंचवडच्या देवांवर एक स्वतंत्र ग्रंथच इंग्रजीत लिहिला, आणि घराणे व राज्यसंस्था यांचे संबंध सनदांच्या आधारे उलगडून दाखविले. एका खेड्याच्या नशिबी असा अभ्यासक येणे ही विरळा गोष्ट आहे. ती घडली, कारण संस्थानाने आपले दप्तर जपले. दप्तर म्हणजे उत्पन्न, हे देवांना पक्के ठाऊक होते.

गाव मोठ्या वाटेवर असण्याची किंमतही असते. १७७९ च्या जानेवारीत रघुनाथरावास गादीवर बसविण्याच्या मिषाने मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून आली. कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट पडला, आणि फौज तळेगावास पोचली तेव्हा ते गाव मराठ्यांनीच जाळून ओसाड केलेले तिला आढळले. चाल पुढे चालू राहिली असती तर चिंचवड आणि खुद्द पुणेही असेच जाळून टाकण्याचा बेत ठरलेला होता. इंग्रज तळेगावाहून माघारी वळले, वडगावला कोंडीत सापडून त्यांना तह करावा लागला, आणि चिंचवडचा मंगलमूर्तीवाडा बचावला. मोरयाने गाव राखले, असे म्हणणारे म्हणोत. महादजी शिंद्यांच्या तोफांनीही त्यात थोडी मदत केली.

याच माळाच्या दुसऱ्या टोकाला, मुळेच्या काठी, दापोडीचे महत्त्व निराळ्या कारणाने वाढले. दुसऱ्या बाजीरावाच्या खजिन्यातून पगार घेणारी, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची कवायती पलटण कॅप्टन फोर्ड याच्या ताब्यात दापोडीला राहत असे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर लढाईला तोंड लागले तेव्हा ही पलटण मुळा ओलांडून गेली आणि ज्या धन्याचे मीठ खाल्ले त्याच्याच विरुद्ध उभी राहिली. फोर्डचा टोलेजंग बंगला पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारासाठी घेतला. गणेशखिंडीचा राजवाडा होईपर्यंत मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात तेथे उतरत. बंगल्यालगत वनस्पतींचे सरकारी उद्यान होते, आणि पुढे मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झालेला डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याची देखरेख करीत असे.

माल्कमच्याच कारकीर्दीत, १८३० च्या नोव्हेंबरात, बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता खुला झाला. या रस्त्याने मुंबई पुण्याच्या जवळ आली, आणि आमच्या माळावरून बैलगाड्यांची, टांग्यांची व डाकेची अखंड रहदारी सुरू झाली. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. घाटातील अवघड काम पुरे होऊन मुंबईहून थेट गाडी यावयास १८६३ साल उजाडावे लागले. रस्ता आणि रूळ जवळजवळ समांतर धावतात, आणि दोहोंच्या आसपास पवना वळसे घेत असते. जमीन सपाट, पाणी जवळ, मुंबईचे बंदर एका दिवसाच्या टप्प्यात: शंभर वर्षांनंतर कारखानदारांनी ज्या गोष्टींची यादी केली, त्या सर्व येथे १८६३ मध्येच हजर होत्या. तरीही तेवढी शंभर वर्षे येथे काही घडले नाही. आगगाडी चिंचवडला थांबे, यात्रेकरूंना उतरवी आणि पुढे जाई. चिंचवड, पिंपरी, आकुर्डी, निगडी, भोसरी, थेरगाव, रहाटणी, वाकड ही गावे आपापली चावडी, आपापले पाटील-कुलकर्णी आणि आपापल्या भैरवनाथाची जत्रा सांभाळून होती, आणि त्यांच्यापैकी एकालाही आपण दुसऱ्याशी जोडले जाऊन शहर होणार आहोत अशी कल्पना शिवण्याचे कारण नव्हते.

मधल्या काळात चिंचवडचे नाव हिंदुस्थानभर झाले ते चापेकरांमुळे. कीर्तनकार हरिपंतांचे हे तीन पुत्र, दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांवर झालेल्या जुलमाचा सूड म्हणून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग-अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, आणि पुढील दोन वर्षांत तिघेही बंधू येरवड्यास फासावर गेले. त्यांची कथा महाराष्ट्राला मुखोद्गत आहे. येथे तिचा विस्तार करीत नाही.

माळाची झोप मोडली ती स्वातंत्र्याबरोबर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीस पडली, आणि घरदार गमावलेल्या या माणसांनी काही वर्षांतच तेथे अशी बाजारपेठ उभी केली की जुन्या गावांतील मंडळी लग्नाचा बस्ता बांधावयास पुण्याऐवजी ‘कॅम्पात’ जाऊ लागली. देहूरोडला लष्कराचे मोठे भांडार होते; तेथील वस्तीत २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, म्हणजे नागपूरच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे अगोदर. आणि त्याच १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले, आणि जे औषध परदेशातून महागाईने आणावे लागे ते भारताच्या रुग्णालयांतून पिंपरीच्या नावाने पोचू लागले. कारखान्याच्या प्रयोगशाळेत पुढे हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले गेले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याला शास्त्रज्ञांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ हे नाव दिले. ज्या गावाचे नाव तालुक्याबाहेर क्वचितच कोणी उच्चारले असेल ते असे जीवशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसले. या गौरवाची जाणीव आजच्या किती पिंपरीकरांना आहे, अशी शंका येते. कारखानाही पुढे आजारी पडला, ही गोष्ट वेगळी.

एक कारखाना म्हणजे औद्योगिक नगर नव्हे. ते घडविले १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, ज्याला येथले लोक नुसते ‘एमआयडीसी’ म्हणतात. मुंबईत नव्या कारखान्यांना जागा उरली नव्हती आणि सरकारलाही ते तेथे नको होते. पुण्याच्या बाजूला मात्र खडकीच्या दारूगोळा कारखान्यामुळे आणि किर्लोस्करांच्या इंजिनांमुळे यंत्रावर हात बसलेले कामगार होते, अभियांत्रिकी महाविद्यालय होते, आणि मुंबईचा रस्ता दारातून जात होता. महामंडळाने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी परिसरात हजारो एकर जमीन संपादन केली, रस्ते आखले, पाणी व वीज आणून दिली, आणि दहा वर्षांच्या आत टेल्को, बजाज ऑटो, बजाज टेम्पो, एसकेएफ, रस्टन, गरवारे अशी नावे महामार्गाच्या दुतर्फा झळकू लागली. दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा होतीच. तेथे बांधलेल्या लाल गाड्या महाराष्ट्राच्या खेडोपाडी धावत. टेल्कोच्या आवारात कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी तलाव खोदून हजारो झाडे लावविली. आकुर्डीच्या स्कूटरसाठी मध्यमवर्गीय गृहस्थ वर्षानुवर्षे नोंदणी करून वाट पाहत, आणि मुलीच्या जन्माबरोबर नंबर लावला तर जावयाला स्कूटर मिळेल, असा विनोद तेव्हा घरोघर चाले.

कारखान्यांच्या मागोमाग माणसे आली. साताऱ्या-सांगलीकडची आली, नगर-सोलापूरची आली, १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आली, खानदेशातून आली, आणि पुढे उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक, केरळ येथूनही आली. चाकरमान्याची खोली, भोंग्यावर चालणारे घड्याळ, पाळीची नोकरी, कंपनीची बस, बोनसच्या वाटाघाटी, यांचे एक नवेच लोकजीवन माळावर रुजले. त्यात संघर्षही होते. १९८९ मध्ये टेल्कोच्या कामगारांनी पुण्याच्या शनिवारवाड्यापाशी मांडलेले उपोषण पोलिसांनी रातोरात उठविले. त्या पिढीच्या कामगारांपाशी आजही हा विषय काढला तर बोलणे लवकर थांबत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळले पाहिजे. एमआयडीसीने घेतलेल्या जमिनीवर कारखाने उभे राहिले, पण कामगाराने राहावे कोठे? याचे उत्तर देण्यासाठी १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. आकुर्डी, निगडी, भोसरी, चिखली, मोशी, थेरगाव, वाकड, रहाटणी, रावेत आदी गावांतील मोठे क्षेत्र प्राधिकरणासाठी संपादनाखाली आले. निगडीच्या बाजूस प्राधिकरणाने जे बांधले ते उत्तम बांधले, हे कबूल केले पाहिजे: रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, राखलेली मैदाने, दारापुढे झाडे. परंतु संपादनाची अधिसूचना निघणे आणि प्रत्यक्ष घरे बांधली जाणे यांच्यामध्ये दशके गेली. या मधल्या काळात शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर शिक्का होता, त्याला जमीन कसण्यात अर्थ वाटत नव्हता, सरकारी मोबदला तुटपुंजा होता, आणि दारात रोज एखादा कामगार ‘अर्धा गुंठा द्या’ म्हणून उभा राहत होता. व्हायचे तेच झाले. विसारपावतीवर, साठेखतावर, कुलमुखत्यारपत्रावर, पुष्कळदा साध्या मुद्रांकाच्या कागदावर गुंठा-गुंठा जमीन विकली गेली, आणि कारखान्यातून फंड काढून कामगाराने तीवर दोन खोल्या बांधल्या. काळेवाडी, थेरगाव, रहाटणी, भोसरी, दिघी या भागांतल्या किती तरी वस्त्या अशा रीतीने उभ्या राहिल्या.

सरकारदप्तरी ही घरे अनधिकृत ठरली. वस्तुतः येथे अपराध कोणाचा, हे सांगणे सोपे नाही. ज्याने जमीन विकली त्याला आपण आपलीच जमीन विकत आहोत असे वाटत होते. ज्याने घेतली त्याच्यापाशी दुसरा पर्याय नव्हता. आणि ज्या संस्थेने दोघांनाही घरे द्यावयाची ती नकाशे रंगवीत बसली होती. मूळ शेतकऱ्याला विकसित जमिनीच्या साडेबारा टक्के परतावा देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले, तेही सुरुवातीच्या वर्षांत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना वगळून, आणि तो झगडा दोन पिढ्या चालला. २००१ मध्ये गुंठ्यांवरची अशी बांधकामे नियमित करण्यासाठी गुंठेवारीचा कायदा आला. २०२१ मध्ये प्राधिकरण स्वतःच विसर्जित झाले, आणि त्याचे क्षेत्र महानगर प्रदेश विकास प्राधिकरण व महापालिका यांच्यात वाटले गेले. देवांच्या इनामाची सनद अनेक राजवटी ओलांडून टिकली. नवनगराच्या आराखड्याला पन्नास वर्षेही पुरी पडली नाहीत.

नागरी कारभाराची कहाणी यामानाने सरळ आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या ग्रामपंचायती एकत्र करून १९७० मध्ये नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर हे तिचे पहिले नगराध्यक्ष. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका झाली, १९८६ मध्ये तिची पहिली निवडणूक, आणि १९९७ मध्ये चिखली, मोशी, तळवडे, रावेत, वाकड यांसारखी अठरा गावे हद्दीत आली. शहराचा विस्तार आता सुमारे १८१ चौरस किलोमीटर आहे. १९९१ च्या शिरगणतीत लोकसंख्या पाच लाखांवर होती, २००१ मध्ये दहा लाखांवर गेली, आणि २०११ मध्ये १७,२७,६९२ भरली. महापालिकेच्या श्रीमंतीचे रहस्य जकातीत होते: कारखान्यांत येणारा पोलाद-लोखंडापासून सुट्या भागांपर्यंतचा सर्व माल नाक्यावर कर भरून आत येई, आणि ‘आशियातील सर्वांत श्रीमंत महापालिका’ ही पदवी पुढारी सभासभांतून अभिमानाने मिरवीत. शिवकाळापासून चालत आलेला हा महसुलाचा प्रकार २०१३ मध्ये येथून उठला. त्याआधीच्या तीस वर्षांत त्या पैशाने रस्ते आणि उड्डाणपूल भरपूर झाले. ग्रंथालये किती झाली, हे वाचकांनी स्वतः फिरून पाहावे.

जमिनीनंतर पाणी. पवनेवर मावळात धरण बांधले गेले ते साठीच्या व सत्तरीच्या दशकांत; ज्यांची गावे बुडाली त्या धरणग्रस्तांचे पुनर्वसनाचे गाऱ्हाणे अद्याप संपलेले नाही. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून वाहत येते, रावेतच्या बंधाऱ्यावर शहर ते उचलते आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध करून घराघरांत पोचविते. वाटेत पाण्यावर मावळातील शेतकरी जगतो. पात्रातून पाणी आणताना गळती व प्रदूषण होते म्हणून धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याचे महापालिकेने ठरविले. शेतकऱ्यांना त्यात आपल्या तोंडचे पाणी पळविले जाण्याची भीती दिसली. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन पेटले, पोलिसांनी गोळीबार केला, आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले, त्यांत एक स्त्री होती. काम थांबले आणि दशकाहून अधिक काळ रखडले. जे शहर दुसऱ्याच्या पावसावर जगते त्याने या तीन मृत्यूंचा विसर पडू देणे योग्य नाही. परंतु शहरात त्यांची आठवण फारशी निघत नाही. खालच्या अंगाला नदीची दशा पाहिली तर ही विस्मृती अधिकच बोचते: वरून निर्मळ आलेली पवना शहरातून बाहेर पडते ती सांडपाणी घेऊन, आणि आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस आता दर वर्षीच्या बातमीचा विषय झाला आहे.

या शहराला मध्य नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात, आणि ती खरी आहे. पुण्याला कसबा आहे, मुंबईला कोट आहे. येथे मात्र एक लांबलचक महामार्ग, कासारवाडीला त्यातून फुटणारा नाशिकचा फाटा, आणि त्यांच्या कडेने एकमेकांत मिसळलेली गावठाणे आहेत. आता त्याच महामार्गावर २०२२ पासून मेट्रोही धावू लागली आहे. पण मध्य नसणे हा केवळ दोष नव्हे. गावठाणे जिवंत राहिली ती त्यामुळेच. आजही उंच इमारतींच्या मागे गेलात तर भैरवनाथाचे देऊळ, तालीम, पाराचा कट्टा आणि भावकीचे वाडे सापडतात. जत्रेच्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा भरतो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आषाढवारीत आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते, आणि त्या रात्री कारखान्यांच्या भिंतींलगत वारकऱ्यांची पाले पडतात. महापालिकेच्या राजकारणातही गावकी-भावकीचा जोर कामगार चळवळीपेक्षा अधिक टिकला, हे कोणाला आवडो न आवडो.

शेवटी एक विनंती. चिंचवडच्या देवांनी सनदा जपल्या म्हणून त्या घराण्याचा तीनशे वर्षांचा इतिहास लिहिता आला. पण ज्या पन्नास-साठ वर्षांत लाखो माणसांनी हे शहर प्रत्यक्ष उभे केले, त्यांचे कागद आज घरोघरच्या ट्रंकांत, माळ्यांवर आणि कपाटांच्या वरच्या कप्प्यांत पडून आहेत, आणि जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उठू लागल्यापासून ते झपाट्याने रद्दीत जात आहेत. संपादनाच्या नोटिसा, गुंठ्यांची साठेखते, फेरफाराचे उतारे, पहिल्या पगाराच्या पावत्या, युनियनची पत्रके, गृहसंस्थांची हस्तलिखित इतिवृत्ते, ग्रामपंचायतींचे जुने ठराव, निर्वासितांची ओळखपत्रे, यांपैकी काहीही ज्यांच्यापाशी असेल त्यांनी ते टाकून देऊ नये. आणि हे सर्व स्वीकारून, नोंदवून अभ्यासकांस खुला ठेवणारा एक नगर दप्तरखाना महापालिकेने उभारावा. जकातीच्या दिवसांत एका उड्डाणपुलावर जेवढे खर्च झाले, त्याच्या अल्पशा अंशात हे काम होण्याजोगे आहे.